धार लावली, तरी कडबाकुट्टी नीट कापेना? आधी कुट्टी पाहा, मग मशिन

कोपरगाव : पात्यांना धार लावून आणली, बेअरिंग बदलले, नवा बेल्टही टाकला. तरी मक्याची ताटे कापली न जाता चेंगरून बाहेर पडतात. गोदावरी कालव्यांच्या पट्ट्यातल्या गोठ्यांत मका, घास आणि गाळप हंगामात उसाचे वाढे कडबाकुट्टीत जातात. तुकडे लांब राहिले की जनावरे दांडे गव्हाणीतच सोडतात. मुरघासात तर लांब तुकड्यांमध्ये हवा अडकते आणि बुरशी धरते. मशिन दुरुस्तीनंतरच बिघडले असेल, तर आधी जोडणीवर संशय घ्या.

हात घालण्यापूर्वी

नुसता स्विच बंद करून भागत नाही. फ्यूज काढा, बेल्ट उतरवा. जड चाक वीज गेल्यावरही फिरत राहते, ते पूर्ण थांबू द्या. मोटार पंपाच्या ऑटो स्विचवर असेल तर वीज येताच ती आपोआप सुरू होते, हे विसरू नका.

कुट्टी काय सांगते?

एक तुकडा आखूड, एक लांब असे पडत असतील, तर दोन पात्यांपैकी एक तोंडाजवळच्या लोखंडी पट्टीपासून लांब बसले आहे. सगळेच तुकडे चेंगरलेले, रेषा लोंबणारे असतील, तर दोन्ही पाती लांब आहेत किंवा उलटी बसली आहेत. कात्रीचा स्क्रू ढिला झाला की कापड कापत नाही, पात्यांमध्ये दुमडते. इथेही तेच होते. पात्याची सपाट बाजू पट्टीकडे हवी, धारेचा उतार बाहेरच्या बाजूला.

तपासायला कागद पुरतो. कागदाची पट्टी तोंडात धरा, बोटे लांब ठेवा आणि दुसऱ्याला चाक हाताने हळू फिरवायला सांगा. दोन्ही पात्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद कापला पाहिजे. एका बाजूला दुमडला, तर त्या बाजूचे बोल्ट ढिले करून पाते पुढे घ्या. पाते पट्टीला घासता मात्र कामा नये.

मोटार उलटी फिरतेय का?

थ्री-फेज मोटारीच्या कोणत्याही दोन तारा अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते. रिवाइंडिंगनंतर हे हमखास घडते. कधी डीपीच्या दुरुस्तीतच फेज बदलतात आणि दोष बिचाऱ्या मेकॅनिकवर येतो. अशा वेळी चाऱ्यावर धार नाही, पात्याची पाठ आदळते. चाकावरचा बाण पाहा. दिशा चुकली असेल तर वायरमनकडून दोन तारा बदलून घ्या.

पुली बदलली असेल तर साधे गणित करा. 1440 फेऱ्यांच्या मोटारीवर 4 इंची आणि चाकावर 16 इंची पुली असेल, तर चाक मिनिटाला 360 वेळा फिरते. मोटारीवर 3 इंची बसवली की 270 वरच येते. वेग पुरेसा असूनही भार येताच चाक मंदावत असेल आणि रबर जळाल्याचा वास येत असेल, तर बेल्ट ढिला आहे.

धार निळी पडली असेल तर?

ग्राइंडरवर पाते तापून कड निळी झाली, म्हणजे पोलादाचे पाणी उतरले. तिथे धार टिकत नाही, दोन दिवसांत बोथट होते. असे पाते बदलावेच लागते, आणि बदलताना जोडी बदला. एक नवे आणि एक झिजलेले पाते वजनाला सारखे नसते, त्यामुळे चाक हादरे देते आणि बसवलेले बोल्ट पुन्हा ढिले होतात.