एक क्रमांकाची स्क्वाड्रन

भारतीय हवाई दलाच्या एक क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा इतिहास सांगताना वैमानिकांची नावं आधी येतात. ती यायलाच हवीत. पण हाती आलेल्या विमानाकडून त्याच्या कुवतीपलीकडचं काम करून घेणं, हे मला या स्क्वाड्रनचं खरं कर्तृत्व वाटतं, आणि त्यात जमिनीवर राबणाऱ्यांचा वाटा वैमानिकांइतकाच आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडला ती उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे जेमतेम चार वापिती विमानं, सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाही होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती ब्रह्मदेशात तौंगूला पोचली ती लायसँडर घेऊन. लायसँडर म्हणजे लष्करासाठी टेहळणी करणारं संथ विमान. त्याला अडीचशे पौंडी दोन-दोन बॉम्ब टांगून या लोकांनी सयाममधल्या (आजच्या थायलंडमधल्या) जपानी तळांवर हल्ले केले, तेही बहुतेकदा सोबत लढाऊ विमानांचं संरक्षण नसताना.

यावर कुणी म्हणेल, ब्रिटिश माघार घेत होते, दुसरं काही हाताशी नव्हतं. त्या निरुपायाला कौशल्य कशाला म्हणायचं? पण निरुपायाने बॉम्ब विमानाला जोडला जात नाही, आणि परतलेलं विमान दुसऱ्या दिवशी उड्डाणाला तयारही होत नाही. शिवाय दोन वर्षांनी, इंफाळच्या वेढ्यात, अर्जनसिंग यांच्या हाताखाली हीच स्क्वाड्रन हरिकेन विमानं घेऊन लढत राहिली. तेव्हा माघार संपली होती, शिस्त मात्र तीच होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फाळणीत स्क्वाड्रनची सामग्री पाकिस्तानच्या वाट्याला गेली. पुढे १९५३ मध्ये १५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला एक हा क्रमांक मिळाला. मग ही परंपरा नुसती कागदावरचीच नाही का? विमानं आणि क्रमांक एवढ्यावरच परंपरा मोजली, तर हो. माणसं मोजली, तर उत्तर बदलतं. पहिल्या पाच वैमानिकांतले सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि इंफाळचे अर्जनसिंग १९६५ च्या युद्धात प्रमुखपदी होते. या स्क्वाड्रनमध्ये मुरलेली रीत एव्हाना साऱ्या दलाची झाली होती.

त्याच युद्धात, ७ सप्टेंबरच्या पहाटे, नव्या एक क्रमांकाच्या मिस्तेर विमानांनी आदमपूरहून पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर हल्ला केला. राखीव वैमानिक असलेले स्क्वाड्रन लीडर ए. बी. देवय्या त्यात सामील झाले. मिस्तेरहून कितीतरी वेगवान अशा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाने त्यांना गाठलं. त्यांनी ते पाडलं, पण ते स्वतः परतले नाहीत. त्यांच्या झुंजीची हकीकत पुढे सीमेपलीकडच्या माहितीतून उलगडली, आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्या पहाटे मिस्तेर सज्ज करणाऱ्या तंत्रज्ञांची नावंही तेवढ्याच चिकाटीने शोधून स्क्वाड्रनच्या इतिहासात घातली पाहिजेत.