वेळेशी शर्यत : सायकल टाइम ट्रायलची ओळख आणि पूर्वतयारी

वाटूर फाट्यावर सकाळी शाळेच्या वेळेस उभे राहिले, की आसपासच्या खेड्यांतून सायकलींवर येणाऱ्या मुलींचे थवे दिसतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीतील गरजू मुलींना सायकली मिळू लागल्या आणि शाळेचे अंतर पार करणे त्यांच्या आवाक्यात आले. परंतु आमच्या पाहण्यात असेही आले आहे, की बारावी झाली की हीच सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकवली जाते, तिच्या टायरांतील हवा जाते आणि चेनला गंज चढतो. चार-पाच वर्षे रोज दहा-बारा किलोमीटर पायडल मारून कमावलेली ताकदही तिच्यासोबत थांबते. ही ताकद कोणत्या खेळात उपयोगी पडू शकते, या प्रश्नातून हा लेख लिहिला आहे.

सायकलीविषयी आमच्या घरात एक आठवण आहे. आमचे वडील तालुक्याला जाण्यासाठी उसनी सायकल घेत. गावातील एका मोठ्या वाड्यासमोर आले, की त्यांना खाली उतरून ती हाताने ढकलत न्यावी लागे. वाडा मागे पडल्यावरच पुन्हा बसण्याची मुभा होती. त्याच घरातील नात आज शर्यतीत सायकल चालवू इच्छिते, तेव्हा त्या इच्छेकडे केवळ हौस म्हणून पाहणे आम्हांला जमत नाही.

टाइम ट्रायल म्हणजे काय, ते प्रथम पाहू. नेहमीच्या सायकल शर्यतीत सर्व स्पर्धक एकदम सुटतात आणि जो आधी पोहोचतो तो जिंकतो. टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक एकेक करून, बहुधा एका मिनिटाच्या अंतराने सोडले जातात. प्रत्येकाने ठरलेले अंतर एकट्याने कापायचे असते. पुढच्या स्पर्धकाच्या पाठीशी राहून वाऱ्यापासून आडोसा घेण्यास मनाई असते. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो विजेता. यात गटबाजी चालत नाही, पंचाच्या मर्जीलाही फारसा वाव नाही. घड्याळ कोणाचे आडनाव विचारत नाही.

या प्रकाराचा उगम इंग्लंडातला. 1890 च्या दशकात तेथील रस्त्यांवर घोळक्याने होणाऱ्या शर्यतींमुळे घोडागाड्यांना अडथळा होऊ लागला आणि बंदीची भीती निर्माण झाली. तेव्हा एफ. टी. बिडलेक या संघटकाच्या पुढाकाराने 1895 साली एकेकाला सोडण्याची पद्धत रूढ झाली. शर्यती पहाटे होत, स्पर्धक लक्ष वेधू नये म्हणून काळे कपडे घालीत आणि मार्गांना सांकेतिक नावे दिली जात. तेथे आजही 10 मैलांची, म्हणजे सुमारे 16 किलोमीटरची शर्यत सर्वांत लोकप्रिय आहे. ऑलिंपिकमध्ये आजच्या स्वरूपातील वैयक्तिक टाइम ट्रायल 1996 च्या अटलांटा स्पर्धांपासून घेतली जाते.

या खेळातील एक नाव आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य लक्षात ठेवावे. बेरिल बर्टन ही यॉर्कशायरमधील स्त्री. लहानपणी संधिवाताच्या तापाने ती कित्येक महिने रुग्णालयात होती आणि पुढे कष्टाचे व्यायाम टाळण्याचा सल्ला तिला मिळाला होता. मोठेपणी ती शेतात मजुरी करीत सराव करी. 1967 साली 12 तासांच्या टाइम ट्रायलमध्ये तिने 277.25 मैल, म्हणजे सुमारे 446 किलोमीटर अंतर कापले. त्याच दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करणाऱ्या स्पर्धकालाही तिने मागे टाकले. तिचा आकडा ओलांडायला पुरुषांना 2 वर्षे आणि स्त्रियांना 50 वर्षे लागली.

आपल्या महाराष्ट्रातही उदाहरणांची उणीव नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिका आरपार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. तीही घड्याळाविरुद्धचीच शर्यत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने 2020 साली गुवाहाटी येथील खेलो इंडिया युवा स्पर्धांत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवली. ग्रामीण मुलीसाठी हा मार्ग बंद नाही, इतके यावरून दिसते.

आता या शर्यतीचे शास्त्र. सपाट रस्त्यावर वेग वाढला, की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणून ताशी 20 ऐवजी 25 किलोमीटरने जायचे, तर हवेविरुद्ध जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. या विरोधाचा मोठा भाग सायकलीमुळे नसून शरीरामुळे होतो. त्यामुळे पहिली सुधारणा फुकट होते. कोपरे वाकवून आत घ्यावीत, पाठ आडवी करावी, खांदे आवळून घ्यावेत, सदऱ्याची टोके फडफडू देऊ नयेत. मान खाली असली, तरी नजर मात्र रस्त्यावरच हवी.

दुसरी सुधारणा सीटच्या उंचीची. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवली, तर पाय सरळ व्हावा. प्रत्यक्ष चालवताना चवडा पायडलवर ठेवला, की गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेक मुले सीट फार खाली ठेवतात, त्याने ताकद वाया जाते आणि गुडघे दुखतात. तिसरी गोष्ट टायरची. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत पुरेशी हवा, स्वच्छ व तेल दिलेली चेन आणि टायरला न घासणारे ब्रेक एवढ्यानेही फरक जाणवतो. बाभळीचे काटे हा आपल्या भागाचा कायमचा उपद्रव असल्याने पंक्चर काढणे प्रत्येकाला स्वतः आले पाहिजे.

सरावाचे सूत्र साधे आहे. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन-चार दिवस, 40 ते 60 मिनिटे, बोलता येईल इतक्याच वेगाने सायकल चालवावी. पुढील चार आठवड्यांत एक दिवस 4 मिनिटे जोरात व 3 मिनिटे हळू अशी चार आवर्तने करावीत. दुसऱ्या दिवशी, मध्ये एक-दोन दिवस सोडून, शर्यतीच्या जोराने 10 मिनिटांच्या दोन फेऱ्या घ्याव्यात. एक दिवस दीड तास संथ चालवावे. उरलेल्या दिवसांत विश्रांती किंवा हलकी फेरी. ताकद विश्रांतीतच भरून येते, हे उत्साही मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दर चार आठवड्यांनी त्याच मार्गावर, त्याच वेळी आपला वेळ मोजावा आणि वहीत तारीख, वारा व वेळ यांची नोंद ठेवावी.

शर्यतीच्या दिवशी सर्वांत मोठी चूक पहिल्या दोन मिनिटांत होते. उत्साहाच्या भरात सुरुवातीलाच सारी शक्ती खर्च होते आणि अर्ध्या वाटेत पाय जड पडतात. सुरुवात राखून करावी, मधला भाग एकसारखा चालवावा आणि शेवटच्या किलोमीटरात उरलेले सर्व द्यावे. समोरून वारा असेल तेथे थोडा अधिक जोर लावणे आणि पाठीमागून असेल तेथे किंचित कमी करणे फायद्याचे असते, कारण समोरच्या वाऱ्यात वेळ जास्त जातो. शर्यतीपूर्वी 15 ते 20 मिनिटे सायकल चालवून अंग गरम करावे. अर्ध्या तासाच्या आतील शर्यतीत वाटेत खाण्याची गरज नसते. तासभर आधी केळे किंवा गूळ-भाकरी आणि पाणी पुरेसे आहे. मुलींच्या बाबतीत रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी जरूर करून घ्यावी. रक्त कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पडतो आणि कितीही सराव केला तरी वेळ सुधारत नाही.

अशी स्पर्धा भरवण्यास फारसा खर्च येत नाही. समजा, 8 किलोमीटरचा मार्ग घेतला, 4 जाण्याचे आणि 4 येण्याचे. घड्याळ सहा वाजता सुरू केले आणि प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाच्या मिनिटाला सोडले. सातव्या क्रमांकाची मुलगी 6 वाजून 7 मिनिटांनी निघाली आणि 6 वाजून 28 मिनिटे 40 सेकंदांनी परतली, तर तिला 21 मिनिटे 40 सेकंद लागले. म्हणजे तिचा वेग ताशी 22 किलोमीटरहून किंचित अधिक झाला. मात्र महामार्ग यासाठी वर्ज्य समजावा. ट्रक आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या यांचा धोका मोठा आहे. गावांतर्गत कमी रहदारीचा रस्ता, पोलिसांची परवानगी, वळणावर स्वयंसेवक आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट यांत तडजोड नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा सराव सूर्य वर येण्यापूर्वीच संपवावा.

घड्याळ समतेने वागते हे खरे, पण सायकल तशी नसते, हेही आम्ही लपवू इच्छित नाही. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमन याने 1996 साली विशेष सायकलीवर, हात पुढे ताणून बसण्याच्या पद्धतीने, एका तासात 56.375 किलोमीटर अंतर कापले. 2000 साली जुन्या धाटणीच्या साध्या सायकलीवर त्याचे अंतर 49.441 किलोमीटर भरले. एडी मर्क्सच्या 1972 मधील विक्रमापेक्षा ते केवळ 10 मीटरने अधिक होते. मधल्या चार वर्षांत त्याचे वय वाढले होते हे मान्य केले, तरी साधनांनी किती फरक पडतो ते यातून स्पष्ट होते. लाखो रुपयांची सायकल घेणारा आणि सरकारी योजनेची सायकल चालवणारी मुलगी एकाच यादीत बसवली, तर ती स्पर्धा बरोबरीची राहत नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की आपल्या विद्यालयाने सर्वांसाठी एकसारख्या साध्या सायकलींवरच ही स्पर्धा घ्यावी. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज नोकरी-व्यवसायात स्थिर आहेत. त्यांनी मिळून दहा सायकली, दहा हेल्मेट, हवा भरण्याचा एक पंप आणि एक स्टॉपवॉच दिले, तरी येत्या हिवाळ्यात सुरुवात होईल. पालकांना विनंती एवढीच, की मुलगी बारावी झाली म्हणून तिची सायकल गोठ्यात टेकवू नये. पहिल्या स्पर्धेत वेळ नोंदवण्याची वही सांभाळण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

जय भीम.