दर्याकाठी गळ टाकायचा, तर आधी तिथी पाहा

भाताची झोडणी उरकते, रब्बीच्या कांद्याची लागण होते आणि खेड-मावळातल्या घरांना दोन दिवसांची उसंत मिळते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आता घरटी एखादा तरी मुलगा कामाला असतो. त्याची गुरुवारची सुटी, तिला जोडून एखादी रजा, शाळकरी पोरांचा हट्ट, आणि मग सगळ्यांचे एकमत होते की यंदा समुद्र पाहून यायचा. कोणी वल्लभनगरच्या आगारातून एस.टी. धरतो. कोणी भावकीत मिळून जीप ठरवतो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव-म्हसळ्यावरून दिवेआगर-श्रीवर्धन गाठता येते, नाही तर खोपोली-पेणवरून अलिबाग-मुरूड.

निघताना घरातली पोरे हळूच गळ बरोबर घेतात. भामा आसखेडच्या काठावर किंवा भीमेच्या पात्रात गांडूळ लावून चिलापी धरलेली असते, तेव्हा समुद्रात तर केवढा मासा लागेल, असे त्यांना वाटते. वाटणे चूक नाही. किनाऱ्यावरून, होडीत न बसता, घरी केलेल्या दोऱ्या-गळाने मासा खरोखर मिळतो. कोकणात याला ‘गरवणे’ म्हणतात आणि तिथली शाळकरी पोरेसुद्धा गरवतात. पण नदीचे पाणी एका दिशेने जाते आणि समुद्राचे दिवसातून दोनदा येते व दोनदा जाते. हा फरक ज्याला कळला त्याला मासा मिळतो. ज्याला कळला नाही त्याच्या जिवावर बेतते. म्हणून गळाच्या आधी पाण्याची गोष्ट सांगतो.

तिथीची पाऊणपट

शेतकऱ्याच्या घरी भिंतीवर पंचांगाचे कॅलेंडर असतेच. भरतीची वेळ काढायला तेवढे पुरे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तशीच रात्री तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर संध्याकाळी सहा आणि सकाळी सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ठिकाणाप्रमाणे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून गावात पोचल्यावर एखाद्या कोळी दादाला विचारून खात्री करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सव्वासहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम चढते, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र एकूण चढायच्या निम्मे पाणी चढून जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटी आणि भरतीच्या पातळीत चार मीटरपेक्षा जास्त अंतर पडते. म्हणजे दोन पुरुष उंचीहून अधिक! सप्तमी-अष्टमीच्या सुमारास हे अंतर बरेच कमी असते. त्याला भांगाची भरती म्हणतात.

आमच्याच घरची गोष्ट. पौर्णिमेचा दिवस होता. सकाळी साडेसहाला पुतण्या आणि त्याचा मित्र कोरड्या वाळूवरून चालत एका खडकावर गेले आणि गळ टाकून बसले. मासे लागत होते, त्यामुळे दोघांचे डोळे समोर. साडेआठला मागे वळून पाहिले तेव्हा ज्या वाळूवरून गेले तिथे कंबरभर पाणी होते आणि लाटा आडव्या येत होत्या. गावातल्या एका म्हाताऱ्या कोळणीने हे लांबून पाहिले आणि हाका मारून माणसे गोळा केली. दोर टाकून पोरांना आणले. दोघेही धरणात पोहणारे होते, पण नुसते पोहता येण्याचा तिथे काही उपयोग नव्हता. कोळीण एवढेच म्हणाली, “दर्याकडे पाठ करू नये बाबांनो, आणि परतीच्या वाटेकडेही करू नये.” नंतर हिशेब केला. ओहोटी पहाटे पाचच्या पुढे झालेली, म्हणजे सव्वासात ते सव्वानऊ हेच ते तिसरा-चौथा तास. आदल्या रात्री कॅलेंडर पाहिले असते तर हे घडलेच नसते.

गळ घरी कसा करावा

महागाची काठी आणि चक्री लागत नाही. सरळ अंगाची, जाड प्लॅस्टिकची लिटरभराची बाटली घ्यावी. तिच्यावर ५० मीटर तंगूस नीट गुंडाळावा, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. सुरुवातीचे टोक बाटलीला घट्ट बांधावे, नाही तर पहिल्याच फेकीत सगळा तंगूस समुद्रात जातो. फेकताना बाटलीची मान डाव्या हातात धरून बूड समुद्राकडे करावे, म्हणजे वेढे आपोआप सुटत जातात. उजव्या हाताने शिसे गोफणीसारखे फिरवून सोडावे. फेकण्याआधी मागे आणि बाजूला कोणी नाही हे पाहावे. गळ डोळ्यात जायला क्षण पुरतो.

तंगुसाच्या शेवटी ४० ते ६० ग्रॅमचे शिसे. त्याच्या वर वीतभर अंतर सोडून एक गळ आणि त्याच्या वर दोन विती सोडून दुसरा. गळ आखूड दोऱ्याने मुख्य तंगुसाला जोडावेत. गाठ मारताना टोक गळाच्या नाकातून काढून तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, मग पहिल्या फटीतून परत आणावे. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर तंगूस तापून तिथेच कच्चा होतो.

खडकाळ जागी शिसे हमखास अडकते. तिथे शिसे साध्या सुती दोऱ्याने बांधावे. अडकलेच तर सुती दोरा तुटतो, शिसे जाते, पण गळ आणि लागलेला मासा हाती येतो.

आमिषाला ताजी कोळंबी सर्वांत बरी. सोलून बोटाच्या पेराएवढा तुकडा लावावा. हर्णैसारख्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तिथे मूठभर कोळंबी सहज मिळते. तारलीचे तुकडेही चालतात, मात्र ते मऊ असल्याने शिवणाच्या दोऱ्याने गळावर दोन वेढे देऊन बांधावेत. आपल्याकडचे गांडूळ खाऱ्या पाण्यात लवकर मरते, ते नेण्यात अर्थ नाही.

कुठे आणि केव्हा

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा समुद्र शांत असतो. जूनपासून पावसाळा संपेपर्यंत किनाऱ्यावर गळ घेऊन जाऊच नये. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ते माशांच्या विणीचे दिवस, आणि समुद्रही खवळलेला असतो.

नवख्या कुटुंबाने षष्ठी ते अष्टमीचे दिवस निवडावेत. पूर्ण भरती संध्याकाळी साडेचार ते सहाला येते, पाणी बेताने चढते, आणि चढत्या पाण्याबरोबर मासा खायला काठाकडे येतो. उन्हे उतरता गळ टाकावा आणि अंधार पडायच्या आत आवरावे.

वाळूच्या किनाऱ्यावर आधी दहा मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. जिथे लाटा फुटून पांढऱ्या होतात तिथे पाणी उथळ. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये जिथे लाट फुटत नाही आणि पाणी गडद दिसते, तिथे खोल चर असतो. मुडदुशी, बोय असे मासे अशा चराच्या कडेने फिरतात. गळ तिथे टाकावा. खाडीच्या मुखाशी तांबोशी मिळते, आणि रायगडच्या खाड्यांत नशीब असेल तर जिताडा.

पण हाच गडद चर माणसाचा काळ आहे. काठावर आलेले पाणी परत जाताना याच वाटेने जाते. वरून शांत दिसते म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात आणि पाण्याची ओढ त्यांना आत नेते. म्हणून ध्यानात ठेवा, चरात गळ टाकायचा, पाय टाकायचा नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. कोणी ओढीत सापडलाच तर त्याने काठाकडे तोंड करून झगडू नये, दम संपतो. अंग तरंगते ठेवावे, हात वर करावा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाजूला निघावे. काठावरच्यांनी मागून उड्या मारू नयेत. बूच घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन आणि लांब दोर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतो. तो बरोबर ठेवावा आणि फेकावा. मदतीसाठी ११२ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक आहेत.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी पौर्णिमा नव्हती, अमावास्याही नव्हती. कृष्ण अष्टमी होती, म्हणजे भांगाचा दिवस. तेव्हा भांग आहे म्हणून बिनघोर राहण्यात शहाणपण नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही भरतीच्या वेळी खडकांवरून माणसे ओढली गेली आहेत. तिथे गळ टाकायला तर नाहीच, दर्शनालासुद्धा भरतीत उतरू नये.

मासा लागल्यावर

लागलेला प्रत्येक मासा हाताने धरायचा नसतो. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन विषारी काटे असतात. पाकटीच्या शेपटीला नांगी असते. ती वाळूत दडून बसते, म्हणून पाण्यात पाय उचलून टाकू नये, घासत चालावे. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात. मग डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. फुग्यासारखा फुगणारा केंड मासा लागला तर तो खाऊ नये. त्याचे विष शिजवल्याने जात नाही. ओळखता येत नाही तो मासा कोळणीला दाखवावा, आणि ती नाही म्हणाली तर नाही.

बोटभर पिल्ले परत सोडावीत. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, तो याचसाठी. आपण बियाणे खात नाही, तोच हा न्याय. कोळ्यांच्या जाळ्याजवळ, रापणीच्या वाटेत गळ टाकू नये. ती त्यांची शेती आहे. आपल्या उभ्या पिकातून कोणी गाडी घातली तर आपल्याला कसे वाटेल? तुटलेला तंगूस वाळूत टाकू नये. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालायला येतात, त्यांच्या पायांत तो अडकतो. सगळा तंगूस गुंडाळून घरी आणावा.

देहू-आळंदीच्या पंचक्रोशीत पुष्कळ घरे माळकरी आहेत. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे देवाचे मानतात, तिथे कोणी गळ टाकत नाही. अशा घरांनी गळ नेऊ नये हे ठीकच. पण तिथीची पाऊणपट त्यांनीही शिकून घ्यावी, कारण पोरे त्यांचीही समुद्रात उतरणारच. आणि आपल्या भागातल्या धरणांत गळ टाकणाऱ्यांनी हेही पाहावे की मासेमारीचा हक्क सोसायटीला किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. विचारूनच टाकावा.

संध्याकाळी चार मुडदुश्या मिळाल्या तरी पुष्कळ झाले. तिथेच साफ कराव्यात, हळद-मीठ आणि कोकमाचे आगळ चोळावे, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकाव्यात. स्वतः बांधलेल्या गळाने धरलेला मासा पोरे काट्यासकट लक्षात ठेवतात.

तर बंधू-भगिनींनो, या हंगामात जाल तेव्हा पिशवीत बाटली-तंगूस, रिकामा कॅन, लांब दोर आणि घरातले कॅलेंडर एवढे न्या. मुलांना वाटेतच विचारा, “आज तिथी कोणती? मग भरती किती वाजता?” उत्तर बरोबर आले की मगच गळ हातात द्या.