उकाड्यात प्रथिने सावरणारे यंत्र

वैशाखात वसई-विरारच्या घरांत दही लावणे म्हणजे वेळ साधणे. दूध कढत असताना विरजण घातले तर दही लागतच नाही, आणि लागलेले बाहेर राहिले तर आंबटढाण होते. कढत दुधात विरजणातले जिवाणू मरतात, कारण त्यांची प्रथिने उलगडतात. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतात; अंडे उकडल्यावर पांढरे घट्ट होते तेही याच कारणाने.

जिवाणूंत ही पडझड सावरणाऱ्या यंत्राचे नाव ग्रोईएल. सात प्रथिनांचे एक कडे, त्यावर तसेच दुसरे, आत पोकळी आणि वर ग्रोईएस नावाचे सात घटकांचे झाकण. उलगडलेली साखळी कड्याच्या तोंडाशी चिकटते, झाकण बसते आणि तिला पोकळीत काही सेकंद एकटीने घडी घालायला मिळते. मग झाकण उघडते. घडी चुकली असेल तर पुन्हा पहिल्यापासून. अशा प्रत्येक फेरीत ऊर्जेचे सात रेणू खर्ची पडतात. १९८९ मध्ये आर्थर हॉर्विच आणि उल्रिख हार्टल यांनी या कुळातल्या प्रथिनाचे घडी घालण्याचे काम दाखवून दिले, आणि १९९४ मध्ये ग्रोईएलची रचना स्फटिकातून उलगडली.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती त्याची कळ. पोटाला उपकारक लॅक्टोबॅसिलसमध्ये ग्रोईएलच्या जनुकांआधी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो: नऊ अक्षरे, मध्ये नऊ अक्षरांची जागा, आणि पुन्हा त्या नऊ अक्षरांची जोडीदार अक्षरे उलट्या क्रमाने. त्यावर एचआरसीए हे प्रथिन बसून जनुके बंद ठेवते. पण स्वतः नीट घडण्यासाठी या एचआरसीएलाच ग्रोईएल लागते. उकाड्यात ग्रोईएल बिघडलेल्या प्रथिनांत गुंतले की एचआरसीए निकामी होऊन सुटते आणि जनुके धडाक्याने चालू होतात. काम आटोक्यात आले की एचआरसीए पुन्हा आपल्या जागी बसते. यंत्रांची गरज यंत्रांच्या टंचाईवरूनच कळते.

आयर्लंडमधल्या संशोधकांनी माणसाच्या आतड्यातून मिळालेला लॅक्टोबॅसिलस पॅराकेसी आधी ५२ अंशांवर १५ मिनिटे ठेवला; पुढच्या कडक उष्णतेत तो कित्येक पटींनी अधिक तगला. २००४ मध्ये त्यांनी त्याच्यात ग्रोईएल-ग्रोईएस जास्त बनवले, तेव्हा फवारून वाळवतानाही तो अधिक टिकला.

अशा जिवाणूंची दुकानातली पुडी फवारून वाळवलेली असेल तर तयार होताना उष्णता सोसते आणि पुढे वीज गेलेल्या फ्रिजमध्ये, टेम्पोत, फलाटावरही सोसते. त्यामुळे जिवाणूचे गुण सांगताना तो आपल्या दमट उन्हाळ्यात किती जिवंत पोचतो, हेही तपासून सांगायला हवे. जिवंत जिवाणूंपासून पोटाला होणारा लाभ मेलेले जिवाणू विकत घेऊन मिळेलच असे नाही.