धाराशिव : बालाघाटावरचे खो-खोचे शहर

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या धाराशिवचा उल्लेख बहुधा शहराजवळच्या प्राचीन लेण्यांमुळे किंवा तुळजापूरच्या वाटेवरचे गाव म्हणून होतो; परंतु या अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या मुख्यालयाने महिला खो-खोमध्ये जे स्थान मिळवले आहे, ते लक्षात घेतल्याशिवाय शहराचा परिचय अपुराच राहतो.

खो-खोला भांडवल फारसे लागत नाही. चुन्याने आखलेले मैदान, त्याच्या दोन टोकांना दोन खांब आणि मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले आठ खेळाडू असले की खेळ उभा राहतो; नववा खेळाडू पाठलाग करतो आणि बसलेल्या साथीदाराला मागून स्पर्श करून ‘खो’ देतो, म्हणजे पाठलागाचे काम त्याच्यावर सोपवतो, तर संरक्षण करणारे तिघांच्या तुकडीने मैदानात उतरून हुलकावणीच्या बळावर वेळ काढतात. साधनांची ही काटकसर धाराशिवसारख्या ठिकाणी निर्णायक ठरली असावी.

येथील सारिका काळे यांना वयाच्या तेराव्या वर्षी त्यांच्या मामांनी मैदानावर नेले. जवळजवळ दशकभर दिवसातून एकच वेळचे जेवण मिळत असे, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आर्थिक ओढाताणीमुळे 2016 मध्ये खेळ सोडण्याच्या विचारात असताना प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांची समजूत घातली. त्याच वर्षी गुवाहाटीत झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, जो खो-खोच्या वाट्याला तब्बल 22 वर्षांनी आला होता. तोवर तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. खेळातून उपजीविका म्हणजे शासकीय नोकरी, हाच या पिढीपुढचा खात्रीचा मार्ग होता.

खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्यात झाली आणि ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग, म्हणजे खेळाडूंना मानधन देऊन करारबद्ध करणाऱ्या संघांची स्पर्धा, ऑगस्ट 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. पहिल्या हंगामातील अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध 46-45 असा अवघ्या एका गुणाने जिंकला. मात्र पहिले दोन्ही हंगाम पुरुष संघांचे होते, त्यामुळे मुलींनी नाव कमावून दिलेल्या या शहराला लीगच्या पैशाचा स्पर्श जेमतेमच झाला, ही विसंगती लीगच्या कौतुकात सहसा झाकली जाते.

जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा महिलांची स्पर्धाही बरोबरीनेच खेळवली गेली. अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवणाऱ्या, प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे यांचा समावेश होता.