मालगाडीच्या रुळावर लोकल

शहराजवळून मालगाड्यांचा रूळमार्ग जात असला, की 'याच रुळांवरून लोकल का सोडत नाहीत?' हा प्रश्न निघतोच. नवी जमीन घ्यायला नको, नवे पूल बांधायला नकोत. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात ऑक्टोबर 1992 मध्ये 'मेट्रोलिंक' ही उपनगरी सेवा अशाच विचाराने सुरू झाली. सार्वजनिक संस्थांनी मालवाहतूक कंपन्यांकडून बरेचसे मार्ग विकत घेतले. मालगाड्याही त्यांवरून धावत राहिल्या. पण रूळ असणे वेगळे आणि त्यावर गाडीसाठी मोकळा वेळ असणे वेगळे.

वेळेचा हिशेब

समजा, एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये 12 किलोमीटर अंतर आहे. समोरासमोरून येणाऱ्या गाड्या स्थानकातच एकमेकींना ओलांडू शकतात. मधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या लोकलला हा टप्पा पार करायला 12 मिनिटे लागतील, ताशी 36 किलोमीटर वेगाच्या मालगाडीला 20. सांधे बदलणे आणि सिग्नल देणे यांसाठी दर गाडीमागे 3 मिनिटे धरू. म्हणजे लोकल हा टप्पा 15 मिनिटे अडवते, तर मालगाडी 23 मिनिटे.

फक्त लोकल सोडल्या तर तासाला चार जातील, प्रत्येक दिशेला दोन. एक मालगाडी आली की 37 मिनिटे उरतात. त्यात दोनच लोकल बसतात. दोन मालगाड्या आल्या तर एकही नाही!

आता बरोबर मध्यावर गाड्या ओलांडण्यासाठी एक जादा रूळ, म्हणजे लूप, टाकू. टप्पा 6 किलोमीटरचा झाला. त्यात लोकलला 9 मिनिटे लागतील, मालगाडीला 13. एक मालगाडी जाऊनही 47 मिनिटे उरतात आणि त्यात पाच लोकल बसतात. गाड्यांचा वेग मुळीच न वाढवता हे साधले. अट एकच : अख्खी मालगाडी लूपमध्ये मावली पाहिजे. अमेरिकेत काही मालगाड्या दोन किलोमीटरहूनही लांब असतात.

चूक झाली तर?

अशा मार्गावर सगळी भिस्त सिग्नलवर असते. 12 सप्टेंबर 2008 रोजी चॅट्सवर्थ येथे मेट्रोलिंकची एक गाडी लाल सिग्नल ओलांडून एकेरी रुळावर गेली आणि समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली. 25 माणसे मृत्युमुखी पडली. चालक मोबाईलवर संदेश पाठवण्यात गुंतला होता, असे चौकशीत आढळले. भरलेल्या मालगाडीला थांबायला एक-दीड किलोमीटरही लागू शकतो; त्यामुळे समोर गाडी दिसल्यावर ब्रेक लावून भागत नाही. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून प्रवासी गाड्यांच्या मुख्य मार्गांवर, चालक चुकला तरी गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा सक्तीची केली. ती सर्वत्र बसायला 2020 साल उजाडले. तेव्हा लोकलच्या खर्चात डबे आणि फलाट यांच्याबरोबर लूप आणि ही यंत्रणाही धरायला हवी.

वर्गात करून पाहा

आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन प्रत्येक गाडीची रेषा काढायला सांगा. लोकलची रेषा जास्त चढी येईल, मालगाडीची कमी. उलट दिशेच्या रेषा जिथे छेदतात, तिथे लूप हवा. रेल्वेचे वेळापत्रक आखणारेही असेच आलेख वापरतात. वसई रोड-दिवा-पनवेल मार्गावर मालगाड्यांची वर्दळ मोठी आणि मेमू गाड्या मोजक्याच. तो मार्ग दुहेरी आहे. मग दुहेरी मार्गावर एकाच दिशेच्या संथ आणि वेगवान गाड्यांच्या रेषा छेदल्या तर काय करावे लागेल? मुलांना शोधू द्या.