वय झालं, की काही झालंय? : चालण्याची चाचणी आणि हृदयाचा धोका



हृदयावर बोलायला तत्त्वज्ञानाच्या मास्तराला कशाला बोलावलं, हा प्रश्न पुढच्या रांगेत मला दिसतोच आहे. रास्त आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, नाडी बघणारा नव्हे. म्हणून औषध सांगणार नाही. मी बोलणार आहे एका अनुमानाबद्दल. आपण म्हातारे लोक ते रोज करतो आणि पुष्कळदा चुकीचं करतो. अनुमान असं : पूर्वीसारखं चालवत नाही, म्हणजे वय झालं.

इथे बोरगावात सकाळी फिरायला जाणारे आम्ही चौघे होतो. त्यातले एक मित्र, वय एकाहत्तर, मागे पडू लागले. आधी दहा पावलं, मग पन्नास. विचारलं की म्हणायचे, "काही नाही जी, वय झालं न आता." आम्ही काय केलं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून आमचीच चाल कमी केली. पुढे रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय त्यांना झोप येईना, पायांवर सूज आली, तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेलं. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद फार कमी झालेली निघाली. उपचार झाले, पण उशीर झाला होता. आता आम्ही तिघेच फिरतो.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. वाचलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : चाल मोजता येते का? येते, आणि त्याला यंत्र लागत नाही. १९९४ साली अमेरिकेत जॅक गुराल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटी चाचणी मांडली. तिचं नाव शॉर्ट फिजिकल परफॉर्मन्स बॅटरी. तिचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाला चार गुण, म्हणजे एकूण बारा.

पहिला भाग तोलाचा. पाय जुळवून दहा सेकंद उभं राहायचं. मग एक पाऊल अर्धं पुढे ठेवून दहा सेकंद. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून, एका रेषेत, दहा सेकंद. दुसरा भाग चालण्याचा. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीनं चालायचं. ४.८२ सेकंदांच्या आत गेलात तर पूर्ण चार गुण, ८.७ सेकंदांहून जास्त लागले तर एक. तिसरा भाग खुर्चीचा. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. साधारण ११.२ सेकंदांच्या आत झालं तर चार गुण. उठताच आलं नाही तर शून्य.

आता म्हणाल, ही तर पायांची परीक्षा झाली. हृदयाचा यात काय संबंध?

अमेरिकेत 'एरिक' नावाचा एक मोठा अभ्यास १९८०च्या दशकापासून चालू आहे. त्यातल्या ५,५७० लोकांची ही चाचणी घेतली गेली. त्यांचं सरासरी वय ७५ होतं. पुढे सुमारे सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०२२ साली निष्कर्ष छापून आले. त्या काळात ९३० जणांना, म्हणजे साधारण सहातल्या एकाला, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअर यांपैकी काहीतरी झालं. ज्यांना बारापैकी सहा किंवा कमी गुण होते, त्यांच्यात हा धोका दहा-बारा गुणवाल्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त आढळला. सात ते नऊ गुणवाल्यांत २५ टक्क्यांनी जास्त. वय, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हिशेब वेगळा काढूनही हा फरक उरला.

इथे थोडं थांबू, कारण टक्केवारी माणसाला फसवते. ४७ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या सत्तेचाळीस जणांना झटका आला, असं नव्हे. समजण्यापुरतं उदाहरण घ्या. चांगलं चालणाऱ्या शंभर जणांपैकी दहांना त्रास होणार असेल, तर हळू चालणाऱ्या शंभरांत तो पंधराएक जणांना होईल. उरलेल्या पंच्याऐंशींना होणार नाही. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्ष करावं इतकी ही लहान गोष्टही नाही.

हा संबंध एकाच ठिकाणी दिसला असंही नाही. फ्रान्समध्ये तीन शहरांतल्या ३,२०८ वृद्धांची चाल मोजून सुमारे पाच वर्षं पाहिलं गेलं. सर्वांत हळू चालणाऱ्या तिसऱ्या हिश्श्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारानं होणाऱ्या मृत्यूंचा धोका जवळजवळ तिप्पट होता. हा अभ्यास २००९ सालचा.

असं का व्हावं? बघा, खुर्चीतून उठणं दिसायला सोपं आहे. पण त्या क्षणी मांडीच्या स्नायूंना जास्त रक्त लागतं. ते हृदयानं पाठवायचं, रक्तवाहिन्यांनी पोचवायचं, त्यात प्राणवायू फुप्फुसांनी भरायचा आणि तोल मेंदूनं सांभाळायचा. यातला कोणीही थकला, तर ते पायात दिसतं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटऱ्या दुखतात आणि थांबलं की बरं वाटतं. ज्या कारणानं पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्याच कारणानं हृदयाच्याही होतात.

आता माझ्या विषयाकडे येतो. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे, डोंगरावरचा धूर. धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. पण नैयायिक मोठे चिकित्सक लोक. त्यांनी विचारलं, उलट म्हणता येईल का? अग्नी आहे तिथे धूर असतोच का? नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. शिवाय लांबून धुकंही धुरासारखं दिसतं, ते वेगळंच.

हे आपल्या चाचणीला लावून पाहू. चाल उत्तम आहे म्हणून हृदय निर्धोक, असं म्हणता येत नाही. आपल्या पवनारचे विनोबा भूदानासाठी तेरा वर्षं देशभर पायी हिंडले, आणि १९८२ मध्ये त्यांनाही हृदयविकाराचा झटका आलाच. लोखंडाचा गोळा तो हा. उलट चाल मंद आहे म्हणून हृदयच बिघडलं, असंही नाही. गुडघे झिजले असतील, नजर कमी झाली असेल, नसांचा आजार असेल, नाहीतर अंगात रक्त कमी असेल. आपल्याकडे ज्या बायकांनी जन्मभर कापूस वेचला, वाकून निंदण केलं, त्यांचे गुडघे आधी बोलतात. ते धुकं. मात्र धूर की धुकं, हे लांबून ठरवायचं नसतं, जवळ जाऊन बघायचं असतं. "वय झालं" हे वाक्य आपल्याला जवळ जाऊच देत नाही, हा त्याचा दोष.

आणखी एक चूक सुशिक्षित लोक करतात. त्यांना वाटतं, चाल सुधारली की हृदयाचा धोका गेला. अमेरिकेत 'लाइफ' नावाचा प्रयोग झाला. त्यात ७० ते ८९ वयाचे, नऊ किंवा कमी गुणांचे १,६३५ बैठे लोक होते. निम्म्यांना चालण्याचा आणि ताकदीचा नियमित व्यायाम दिला, निम्म्यांना आरोग्याची माहिती. अडीच वर्षांहून थोडा जास्त काळ पाहिलं. ४०० मीटर चालणं न जमण्याची वेळ व्यायामवाल्यांत ३०.१ टक्क्यांवर आली, इतरांत ३५.५ टक्क्यांवर. म्हणजे पाय नक्की टिकले. पण झटका, पक्षाघात यांसारख्या घटना दोन्ही गटांत जवळजवळ सारख्याच झाल्या. धूर पांगवला म्हणून आग विझत नाही. ज्याच्या-त्याच्या पायानं संडासला जाता यावं, यासाठीच चालणं मोलाचं आहे, म्हणून चालाच. पण रक्तदाबाची गोळी चालण्याच्या भरवशावर सोडू नका.

आपल्याकडेही हे मोजमाप सुरू झालं आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाची मोठी पाहणी केली. ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण तिच्यात होते, आणि मुठीची ताकद, तोल, चालण्याचा वेग हे प्रत्यक्ष मोजलं गेलं. मी सांगितलेले गुणांचे आकडे मात्र परदेशातले आहेत. ते आपल्यासाठी दगडावरची रेघ नव्हेत.

मग करायचं काय? घरी जमिनीवर खडूनं चार मीटर आखा. खुर्ची भिंतीला टेकवा. शेजारी कोणी तरी उभं असू द्या, एकट्यानं करू नका. नुकतंच आजारपण झालं असेल, चक्कर येत असेल तर करूच नका. आकडा तारखेसह वहीत लिहा, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. दुसऱ्याशी तुलना नको, स्वतःच्या जुन्या आकड्याशी करा. तो घसरला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "हे का?" सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची मोठी रुग्णालयं आपल्याला हाकेच्या अंतरावर आहेत. छातीत कळ आली, अचानक दम लागला, तर चाचणी-बिचणी काही नाही, थेट दवाखाना.

आणि सोबत फिरणाऱ्यांसाठी एक. बरोबरचा मागे पडला तर चाल जरूर कमी करा. पण त्याच दिवशी त्याच्या घरी सांगा. आम्ही पहिलं केलं, दुसरं केलं नाही.